कुलूप दिसलं म्हणून बँक खरी ठरत नाही

बँकेच्या नावाने येणारे बनावट मेल कसे ओळखायचे, याचा एक मेसेज जो तो पुढे ढकलतोय. त्याचं म्हणणं असं: खोट्या मेलची भाषा अशुद्ध असते, पाठवणाऱ्याचा पत्ता बँकेचा असेल आणि लिंक उघडल्यावर ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसलं तर निर्धास्त राहा, वर ओटीपी आहेच. हेतू चांगला असेल, पण यावर विसंबलात तर फसाल.

अशुद्ध भाषेचं आधी उरकतो. एआयकडून कुणीही निर्दोष मजकूर लिहून घेतं. बँकेचाच जुना मेल उचलून त्यातली फक्त लिंक बदलली, तर चूक येणार कुठून? (खऱ्या बँकांच्या मेलमध्येही चुका सापडतात, तो भाग वेगळा.)

आता पत्ता. इनबॉक्समध्ये दिसणारं नाव पाठवणारा स्वतःच टाकतो आणि मोबाइलवर बहुतेकदा तेवढंच दिसतं. त्यामागचा पत्ताही खोटा घालता येतो, कारण मेल पाठवण्याच्या १९८२ सालच्या एसएमटीपी या पद्धतीत पाठवणारा कोण याची खातरजमाच नव्हती. पुढे मेल खरंच त्या पत्त्यावरून आलाय का हे पाहणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तपासण्या आल्या आणि बँकेचा हुबेहूब पत्ता वापरणं अवघड झालं. पण ठगाने बँकेशी मिळतंजुळतं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव, रीतसर विकत घेतलं, तर त्याचा मेल या तिन्ही तपासण्यांतून बिनबोभाट पार होतो.

कुलपाचा मुद्दा सगळ्यात घातक. तुमच्यापासून त्या साइटपर्यंत जाणारी माहिती वाटेत कुणाला वाचता येत नाही, एवढंच कुलूप सांगतं. पलीकडे कोण बसलंय याबद्दल चकार शब्द नाही. लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था त्यासाठीचं प्रमाणपत्र फुकट देते, म्हणजे ठगालाही. हा गैरसमज इतका रुजला की गूगलने २०२३मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरच्या ॲड्रेस बारमधून कुलूपच काढून टाकलं.

बघायचंच तर साइटचा पत्ता असा बघा. ‘अमुकबँक.कॉम.खाते-पडताळणी.नेट/लॉगिन’ यात एकेरी तिरप्या रेघेच्या लगेच आधी जे आहे, म्हणजे ‘खाते-पडताळणी.नेट’, ते खरं डोमेन. त्याआधीचं बँकेचं नाव निव्वळ सजावट. डोळे इथेही चकतात, कारण सिरिलिक, म्हणजे रशियन वगैरे भाषांच्या लिपीतली काही अक्षरं रोमनसारखीच दिसतात. पासवर्ड जतन करून आपोआप भरणारा पासवर्ड मॅनेजर मात्र चकत नाही. जतन केलेलं डोमेन जुळलं नाही तर तो पासवर्ड भरतच नाही. तो गप्प बसला की स्वतः टाइप करायची घाई नको.

राहिला ओटीपी. तुम्ही बनावट पानावर टाकलेला ओटीपी ठग त्याच मिनिटाला खऱ्या साइटवर वापरतो. टाकून बसला असाल, तर मेलमधल्या नव्हे, कार्डामागे छापलेल्या नंबरवर फोन करा आणि खात्यावरचे व्यवहार थांबवायला सांगा.