‘दोन मिनिटांसाठी भूल कशाला?’

पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘कॅन्सर झालेल्या मुलाला पाठीतल्या इंजेक्शनसाठी भूल देऊ देऊ नका. दोन मिनिटांचं काम, मूल विसरून जातं. भुलीने मेंदू खराब होतो. फारच रडलं तर गुंगीचं सिरप पुरे.’ हा वाचून कुणी पोराला चौघांकरवी दाबून धरायला तयार होईल, याची मला खरोखर धास्ती वाटते.

दोन मिनिटं? मूल कुशीवर, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला टेकलेली, आणि सुई दोन मणक्यांच्या फटीतून जायची. तेवढ्यात ते हललं तर पाठीच्या पाण्यात (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात) रक्त मिसळू शकतं. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, पहिल्या तपासणीच्या वेळी त्या रक्तात कॅन्सरच्या पेशी असू शकतात आणि त्या पाठीच्या पाण्यात जाऊ शकतात. शिवाय दोन-तीन वर्षांच्या उपचारात ही सुई पुन्हा पुन्हा टोचावी लागते.

मूल विसरतही नाही. 1998 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅन्सरच्या काही मुलांना पहिल्या वेळी फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक दिलं होतं, काहींना नुसतं दिखाऊ औषध. पुढच्या वेळांना सगळ्यांनाच फेंटानिल मिळालं. तरी आठ वर्षांखालच्या ज्या मुलांनी पहिल्यांदा दुखणं सोसलं होतं, त्यांना नंतरही जास्त दुखलं.

सिरपमधलं मिडाझोलाम भीती कमी करतं, आठवण पुसट करतं, पण वेदना थांबवत नाही. जागेवर टोचायच्या लिग्नोकेनने कातडी आणि हाडावरचं आवरण बधिर होतं. तपासणीसाठी बोन मॅरो (हाडातला मगज) ओढतानाची कळ मात्र जाणवतेच. भुलीच्या औषधांपैकी केटामिन वेदना थांबवतं आणि श्वास सहसा चालू ठेवतं, पण उलट्या होतात, काही मुलं घाबरून जागी होतात. प्रोपोफोलने झोप झटपट लागते, जागही लवकर येते. वेदनाशमन नाही, रक्तदाब उतरतो, श्वास थांबू शकतो. म्हणून श्वासावर लक्ष ठेवायला वेगळा माणूस हवाच. मास्क स्वतः धरू शकणाऱ्या मोठ्या मुलाला नायट्रस ऑक्साइड हा गुंगीचा वायू चालतो.

मेंदूची काळजी मात्र निराधार नाही. 2016 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून जास्त भूल देण्याबाबत इशारा दिला. 2019 च्या एका मोठ्या चाचणीत तान्हेपणी एकदाच, तासाभरापेक्षा कमी भूल मिळालेल्या मुलांत पाचव्या वर्षी बुद्धीत फरक दिसला नाही. आपली मुलं मात्र ‘वारंवार’ मध्ये मोडतात. तेव्हा भूलतज्ज्ञांना विचारा: पाठीचं पाणी आणि बोन मॅरो एकाच भुलीत होईल का? तासभर आधी बधिर करणारं क्रीम लावलं तर औषध कमी लागेल का?