हरवलेल्या दिवसाचे वीस रुपये

पृथ्वीला प्रदक्षिणा घालून घरी परतणाऱ्या माणसाचे स्वागत कसे व्हावे, याविषयी माझ्या अपेक्षा माफक होत्या. ढोलताशे नकोत, औक्षणही नको. पण गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीच्या फाटकाशी कोणीतरी दोन क्षण थबकावे आणि 'आलात का!' एवढे तरी म्हणावे, असे मनात होते. प्रत्यक्षात मे महिन्याच्या पाच तारखेला, भर दुपारच्या उन्हात, आम्ही उभयता चार बॅगांसह गाडीतून उतरलो, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकू वाळवणाची ताटे सावरत म्हणाल्या, "बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत? गावाला गेला होतात का?" मी हो म्हणालो. त्यात खोटे काही नव्हते. गावांची संख्या तेवढी थोडी अधिक होती.

खरे तर त्या क्षणी अधिक बोलण्याचे त्राणही उरले नव्हते. सिंगापूरहून मुंबईला विमानाने आम्हाला साडेपाच तासांत आणून टाकले आणि मुंबईहून नाशिकला, म्हणजे जेमतेम पावणेदोनशे किलोमीटर यायला, सहा तास लागले. तीन महासागर विनातक्रार ओलांडून आलेला माणूस भिवंडीच्या वळणरस्त्यावर एका कंटेनरच्या मागच्या दारावरचे 'हॉर्न ओके प्लीज' सव्वा तास वाचत बसतो, तेव्हा त्याचा भूगोलावरचा विश्वास उडतो. कसारा घाट चढून इगतपुरीची हवा लागली तेव्हा कोठे घर जवळ आल्यासारखे वाटले आणि नाशकातल्या मुंबई नाक्यावरच्या गर्दीने ते पुन्हा लांब नेले. शेवटी दाराशी पोहोचलो, तर किल्ली चौथ्या बॅगेच्या तळाशी, टोकियोत घेतलेल्या पंख्यांच्या खाली होती.

घरात शिरल्यावर नळाने आधी खोकून घेतले, मग तांबूस पाणी सोडले. भिंतीवरची दिनदर्शिका फेब्रुवारीवरच थांबलेली होती. पत्नीने पदर खोचला आणि झाडू हाती घेतला. पाच मिनिटांत जगप्रवासाचा तिच्यापुरता निकाल लागला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला मला टक्क जाग आली, कारण शरीर अद्याप सिंगापूरच्या वेळेने चालले होते आणि तिकडे सहा वाजले होते. चहा घेऊन मी बाल्कनीत गेलो. चौदा कुंड्या अंधारात टवटवीत उभ्या होत्या. मनीप्लांट गजावर चढला होता, तुळस डवरली होती. एक कोरफड तेवढी बुडापासून कुजून आडवी झाली होती. आमच्या गैरहजेरीत या कुंड्यांना पाणी घालण्याचे काम तळमजल्यावरच्या बिऱ्हाडातल्या, अकरावीतल्या मुलाकडे रोजी वीस रुपये दराने सोपवलेले होते. आठ वाजता तो हिशेबासाठी हजर झाला, आणि ज्या संकटासाठी हा लेख लिहितो आहे ते तेथून सुरू झाले.

"काका, त्र्याण्णव दिवस झाले. अठराशे साठ."

"ब्याण्णव," मी म्हणालो.

मी उभी हयात हिशेबखात्यात काढली आहे. एका रुपयाच्या फरकासाठी मार्चअखेरीस रात्री दहापर्यंत बसलेला माणूस असे आकडे सहज सोडत नाही. त्याने मोबाइल काढून मोजून दाखवले: दोन फेब्रुवारीच्या संध्याकाळपासून त्या महिन्याचे २७, मार्चचे ३१, एप्रिलचे ३० आणि मेचे ५. बेरीज बिनचूक होती. मग मी माझी रोजनिशी आणली. प्रवासात रोज रात्री झोपण्यापूर्वी एक पान लिहायचे, हा नेम मी एकदाही मोडला नव्हता. आम्ही दोघांनी पाने मोजली. भरलेली पाने ९२ होती. दहा एप्रिलचे पान कोरे होते.

त्याचे कारण असे की दहा एप्रिलची रात्र माझ्या आयुष्यात आलीच नाही. त्या दिवशी दुपारी बारा वाजता आम्ही सॅन फ्रान्सिस्कोहून निघालो, अकरा तास सूर्य खिडकीत लटकत राहिला आणि टोकियोला उतरलो तेव्हा तेथे अकरा तारखेचे दुपारचे तीन वाजले होते. मधल्या मध्ये, प्रशांत महासागरावरच्या आंतरराष्ट्रीय वाररेषेवर, म्हणजे जी पश्चिमेकडे ओलांडली की तारीख एक दिवस पुढे सरकते त्या कल्पित रेषेवर, एक अख्खी रात्र गहाळ झाली. हे मी त्या मुलाला तोंडी सांगितले. त्याच्या चेहऱ्यावर, उधारी टाळणाऱ्या माणसाचे कारण ऐकताना वाण्याच्या चेहऱ्यावर येतात तसे भाव आले.

म्हणून मी स्वयंपाकघरातून एक कांदा आणला. ज्यांनी पृथ्वीचा गोल कधी विकत घेतला नाही त्यांना सांगतो, की नाशिक जिल्ह्यात त्याची गरजही नाही. चांगल्या लाल कांद्याच्या सालीवर देठापासून मुळापर्यंत रेखावृत्ते आधीच आखलेली असतात. देठ हा उत्तर ध्रुव, मुळ्या हा दक्षिण ध्रुव. मी बॉलपेनने एके ठिकाणी नाशिक लिहिले, विरुद्ध बाजूला वाररेषा ओढली आणि मोबाइलच्या बॅटरीचा सूर्य केला. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. आपण सूर्याच्या मागोमाग पश्चिमेकडे जात राहिलो, की प्रत्येक मुक्कामाला घड्याळ मागे घ्यावे लागते आणि आपला दिवस तेवढा लांबतो. (या ओघात मी त्याला हेही सांगून टाकले, की आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालते आणि नाशिक त्याच्या बरेच पश्चिमेला असल्यामुळे आपल्याकडे सूर्य घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटे मागे असतो. मला सकाळी उशिरा जाग येते ती यामुळेच, असे मी नोकरीत असताना पत्नीला अनेकदा समजावले होते. तिला ते कधी पटले नाही.)

मुलाला मात्र कांदा पटू लागला होता. "मग प्रत्येक ठिकाणी किती तास लांबला?" त्याने विचारले. हिशेबाचा प्रश्न आल्यावर मी भान हरपून कागद ओढला. मुंबई ते इस्तंबूल अडीच तास, तेथून लंडन तीन, न्यूयॉर्क पाच, सॅन फ्रान्सिस्को तीन, टोकियो आठ, सिंगापूर एक आणि परत मुंबई अडीच. बेरीज आली २५. पृथ्वीच्या प्रदक्षिणेत एक तास जास्त निघाला, तेव्हा मला घाम फुटला. दोनदा आकडे तपासल्यावर चूक सापडली: मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घड्याळे एक तास पुढे ढकलतात आणि त्या दिवशी आम्ही न्यूयॉर्कमध्ये होतो. तो एक तास तेथे कापला गेला होता. उरले २४. ताळेबंद जुळल्यावर होणारा आनंद ज्याने अनुभवला आहे, त्यालाच कळेल की मला नायगऱ्याच्या धबधब्यापुढेही असे वाटले नव्हते.

"म्हणजे काका," मुलगा शांतपणे म्हणाला, "तो दिवस तुम्हाला मिळालाच की. सुट्ट्या पैशांत मिळाला, एवढंच. मग हरवलं काय?"

स्वयंपाकघरातून पत्नीचा आवाज आला, "अहो, वीस रुपयांसाठी किती वेळ पृथ्वी फिरवणार आहात? मला कांदा हवाय."

शहाण्या माणसाने येथे पाकीट काढले असते. मी इतिहास काढला. १५१९ साली मॅगेलनच्या नेतृत्वाखाली पाच जहाजे स्पेनहून निघाली, ती आमच्यासारखीच पश्चिमेकडे. मॅगेलन वाटेत फिलिपाइन्समध्ये मारला गेला. 'व्हिक्टोरिया' हे एकच जहाज प्रदक्षिणा पुरी करून सप्टेंबर १५२२ मध्ये स्पेनला पोहोचले, तेही अवघी अठरा माणसे घेऊन. त्याआधी जुलैमध्ये केप व्हर्द बेटांवर अन्न आणायला उतरलेल्या खलाशांना किनाऱ्यावर आज गुरुवार असल्याचे कळले. जहाजावर बुधवार होता. पिगाफेट्टा नावाचा गृहस्थ त्या सफरीत रोजनिशी लिहीत होता. एकही दिवस न चुकवता लिहीत आल्यामुळे तो चक्रावून गेला. "माझ्यासारखाच," मी रोजनिशीवर हात ठेवून म्हणालो. पिगाफेट्टाच्या घरी कुंड्या होत्या की नाही आणि त्यांना पाणी कोणी घातले, असे मुलाने विचारले. याची नोंद माझ्या वाचनात नव्हती.

तेव्हा मी हुकमी एक्का म्हणून सामोआ काढले, आणि घात झाला. प्रशांत महासागरातल्या या देशाने व्यापाराच्या सोयीसाठी स्वतःला वाररेषेच्या दुसऱ्या बाजूला नेले आणि त्यापायी २०११ सालातली ३० डिसेंबर ही तारीख तेथे उगवलीच नाही. गुरुवारी झोपलेली माणसे शनिवारी उठली. "एक अख्खा शुक्रवार कायद्याने रद्द!" मी विजयाने म्हणालो. मुलाने तोवर मोबाइलवर शोध घेतला होता. त्याने पडदा माझ्यापुढे धरला. त्या न उगवलेल्या शुक्रवारचा पगारही नोकरदारांना द्यावा, असे सामोआच्या सरकारने ठरवले होते.

"आणि मी तर खरंच पाणी घातलं होतं," तो म्हणाला. "दहा एप्रिललासुद्धा."

"कशावरून?" मी शेवटचा प्रयत्न केला.

त्याने बाल्कनीकडे बोट दाखवले. कोरफडीला रोज पाणी घातले तर ती कुजते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. एक दिवस जरी त्याने कुचराई केली असती, तर बिचारी कदाचित वाचली असती.

मी अठराशे साठ रुपये मोजून दिले. पोच लिहून घेण्याची सवय हाडात मुरलेली असल्याने कागद शोधला. पण होता तो कागद बेरजांनी भरला होता आणि उरलेले सामान अजून बॅगांत होते. शेवटी मुलानेच रोजनिशी पुढे ओढली, दहा एप्रिलचे कोरे पान उघडले आणि त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले: 'त्र्याण्णव दिवसांचे रु. १८६० मिळाले.' खाली सही केली.

आत पोह्यांसाठी कांदा चिरला जात होता. मी डोकावलो, तेव्हा सुरी वाररेषेतून उतरून नाशिकपर्यंत आली होती.