'सक्तीच्या एका मुलामुळे चीन श्रीमंत झाला' म्हणणाऱ्यांनी आधी साल तपासावं

शनिवारी वक्तृत्व स्पर्धा आहे म्हणून नववीतली भाची मला भाषण म्हणून दाखवत होती. दुसऱ्याच मिनिटाला म्हणाली, "चीनने एका मुलाची सक्ती केली आणि तो महासत्ता झाला. आपल्याकडेही नसबंदी सक्तीची करा!" कुठून आणलंस, असं विचारल्यावर तिनं आजोबांच्या मोबाइलकडे बोट दाखवलं. मेसेजमध्ये चार दावे: सक्तीच्या एका मुलामुळे चीन श्रीमंत झाला, तिथे घर, शिक्षण, उपचार फुकट, बेकार कुणी नाही, गरिबी संपली. बाबांशी वाद घालून झाला. हाच मेसेज आणखी दोन ग्रुपवर आलाय, तेव्हा लिहूनच टाकतो.

पहिला दावा सगळ्यात घातक. एका मुलाचं धोरण देशभर लागू झालं 1980मध्ये. 1970मध्ये चीनमधल्या बाईला सरासरी साडेपाचहून जास्त मुलं होत होती, 1979पर्यंत ती पावणेतीनच्या आसपास आली. म्हणजे मोठी घट एका मुलाच्या अटीआधीच झाली होती, उशिरा लग्न आणि दोन मुलांत अंतर या मोहिमेमुळे. (त्यातही दबाव होताच.) आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांत दक्षिण चीनमधल्या शेन्झेन शहराच्या कारखान्यांत राबलं कोण? साठच्या दशकात जन्मलेली, चार-पाच भावंडांतली खेड्यातली पोरं-पोरी! 1978नंतर जमीन पुन्हा कुटुंबाकडे कसायला आली, गावोगाव कारखाने निघाले, परकीय भांडवल आलं, 2001मध्ये जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश मिळाला. श्रीमंती यातून आली. मुलं कमी झाल्यानं काही काळ खाणारी तोंडं कमी आणि कमावते हात जास्त राहिले, एवढं मान्य.

पण किंमत कुणी मोजली, हे मेसेजात नाही. एकट्या 1983 सालात तिथे दोन कोटींवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक बायकांच्या. मुलगा हवा म्हणून मुली गर्भातच मारल्या गेल्या. 2010च्या जनगणनेत जन्माच्या वेळी 100 मुलींमागे सुमारे 118 मुलगे होते. जादा मुलासाठीचा दंड भरता आला नाही म्हणून लाखो मुलांची सरकारदरबारी नोंदच झाली नाही, आणि नोंद नाही म्हणून शाळा नाही. आता तेच सरकार मुलं व्हावीत म्हणून धडपडतंय: 2016मध्ये दोन मुलांना परवानगी, 2021मध्ये तीन. तरी 2022मध्ये लोकसंख्या साडेआठ लाखांनी घटली. 2025पासून तीन वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला 3,600 युआन दिले जाताहेत. जो रस्ता चीननं सोडला, त्यावर आपण चालायचं?

शिवाय हा मोह आपल्याला नवा नाही. 1976मध्ये, आणीबाणीत, महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते टळलं. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा प्रजनन दर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, 1.7 होता. तो अशा कायद्याविना खाली आला.

बाकीचं थोडक्यात. नऊ वर्षांचं शालेय शिक्षण मोफत आहे, हे खरं. पुढे फी आहे. घरं लोक कर्ज काढून, आईवडिलांची पुंजी ओतून विकत घेतात. आरोग्य विम्याला हप्ता आहे, आणि तो भरूनही खिशातून पैसे जातातच. बेकारीचं म्हणाल तर जून 2023मध्ये शहरी तरुणांतली बेकारी 21.3 टक्के होती, हा चीन सरकारचाच आकडा. पुढे काही महिने त्यांनी तो देणंच थांबवलं, नंतर मोजणीची पद्धत बदलली.

गरिबीबाबत मात्र अर्धं मान्य करावं लागतं. चाळीस वर्षांत सुमारे 80 कोटी माणसं टोकाच्या गरिबीतून बाहेर आली, हे जागतिक बँकही सांगते. मोठं काम आहे ते. पण 'संपली'? 28 मे 2020 रोजी खुद्द पंतप्रधान ली खछियांग पत्रकारांसमोर म्हणाले की 60 कोटी लोकांचं महिन्याचं उत्पन्न जेमतेम 1,000 युआन आहे, आणि तेवढ्यात मध्यम शहरात खोलीही भाड्यानं मिळणं कठीण. हजार युआन म्हणजे तेव्हाचे साडेदहा हजार रुपये. बाबा या आकड्यावर गप्प झाले.

भाचीनं भाषणातला तो परिच्छेद काढून टाकलाय. तिनं एवढंच विचारलं, "मामा, त्या नोंद नसलेल्या मुलांचं पुढे काय झालं?" 2016च्या जानेवारीत सरकारनं त्यांची नोंद करून घ्यायचा आदेश काढला, असं मी सांगितलं. तोवर त्यांतली कितीतरी जणं मोठी झाली होती.