काचेचा उपयोग आणि माझा रविवार

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडम पीएचडी करतायत, विषय म्हणे नववीच्या मुलांची वैज्ञानिक सर्जनशीलता. शुक्रवारी सुटताना म्हणाल्या, "सर, ६२ पेपर आहेत, तपासून द्या ना, तासाभराचं काम." मी इतिहासवाला. पण कोकणी माणसाला नाही म्हणता येत नाही, नंतर कुरकुरता येतं.

ही चाचणी हू आणि एडी या दोघांनी २००२ साली इंग्लंडमधल्या १६० मुलांवर करून बसवलेली, प्रश्न सातच. काचेच्या तुकड्याचे वैज्ञानिक उपयोग सांगा, गुरुत्वाकर्षण नसतं तर जग कसं असतं, असे. मार्क तीन प्रकारचे, किती उत्तरं दिली त्याचे, किती वेगवेगळ्या दिशांची दिली त्याचे, आणि तिसरा मौलिकता, जिने माझा रविवार खाल्ला. म्हणजे तेच उत्तर वर्गात ५ टक्क्यांहून कमी मुलांनी दिलं तर २ मार्क, ५ ते १० टक्के असतील तर १, त्याच्यावर भोपळा. म्हणजे एक पेपर तपासायला ६२ पेपर वाचायचे! हिने जेवायला तीनदा हाक मारली आणि चौथ्यांदा ताट झाकून झोपायला गेली.

सायकल जास्त उपयोगी कशी कराल? "विकून स्कूटी घ्यावी." गुरुत्वाकर्षण नसेल तर? "देशमाने सर जिना चढताना थांबणार नाहीत." देशमाने म्हणजे मीच. शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे, आणि एकट्यानेच लिहिलंय, झक मारत २ दिले.

सफरचंद तोडायचं मशीन काढा, या प्रश्नाला मात्र नवेपणाचे मार्क अंदाजाने द्यायचे होते. आमच्या पोरांनी सफरचंदाचं झाड कुठे बघितलंय, निम्म्यांनी सरळ आंब्याची घळ काढली, लांब बांबू, टोकाला जाळी, एकाने वर मोटर आणि सेल चिकटवलेले. इंग्लंडातला मास्तर खूष झाला असता हो, पण माझ्या पडवीत हे यंत्र आजोबांपासून टांगलेलं आहे.

खरा घोळ काचेत झाला. एका पोराने लिहिलं, काच ओली करून वर्तमानपत्रावर ठेवली की थेंबातून अक्षर मोठं दिसतं. वा! लगेच २ लिहिले. मग त्याच्या शेजाऱ्याकडेही थेंब निघाला, त्याच्या मागच्याकडेही. तीन जणांपर्यंत ठीक होतं, ६२ मध्ये तीन म्हणजे पाचाच्या आतच. पण रात्री साडेअकराला चौथा थेंब सापडला, तोही "वर्तमाणपत्र" असा, आणि चौघांचा एकेक मार्क गेला. वीस वर्षं कॉपी पकडतोय, कॉपीमुळे मूळ मालकाचे मार्क कापायची पाळी पहिल्यांदाच आली.

सोमवारी तो पोरगा आलाच, "सर, माझं थेंबाचं किती?" मी म्हटलं १, आणि का ते टक्केवारीसकट नीट समजावलं. तो काही बोलला नाही, फक्त वळून मागच्या बाकाकडे बघितलं. मग मी फळ्याकडे तोंड करून पानिपतची तारीख जरा सावकाशच लिहिली.