मोहन बागान, 1911: फॉरवर्डमधला चमत्कार आणि मैदानावरची मेहनत

दरवर्षी 29 जुलै जवळ आला की कलकत्त्याच्या मोहन बागान या फुटबॉल क्लबबद्दलचा एक मजकूर फॉरवर्ड होत ग्रुपांवर फिरू लागतो. सोबत खेळाडूंचा जुना कृष्णधवल फोटो. मजकुराचा सारांश असा: इंग्रजांशी लढण्यासाठीच कलकत्त्यात हा क्लब निघाला. बूट घ्यायलाही पैसे नसलेल्या त्याच्या अकरा गरीब पोरांनी 29 जुलै 1911 ला आयएफए शील्ड या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अनवाणी खेळून गोऱ्या पलटणीला धूळ चारली. भारतीयांनी इंग्रजांना मैदानात हरवण्याची ती पहिलीच वेळ. त्या धसक्याने इंग्रजांनी राजधानी दिल्लीला हलवली. आणि त्याच दिवशी कुणा वृद्धाने फोर्ट विल्यम किल्ल्यावरच्या इंग्रजांच्या झेंड्याकडे बघत सांगितलं होतं की मोहन बागान पुन्हा शील्ड जिंकेल तेव्हा तो उतरेल; 1947 साली ते खरं झालं.

विजय खरा आहे, आणि फार मोठा आहे. म्हणूनच त्याच्याभोवती रचलेली ही गोष्ट बघून जीव तुटतो. बावीस वर्षं घाम गाळून उभ्या राहिलेल्या क्लबला आपण एका दुपारच्या चमत्काराचा धनी करून टाकतो. एकेक मुद्दा घेऊ.

पहिला मुद्दा स्थापनेचा. मोहन बागान 15 ऑगस्ट 1889 रोजी सुरू झाला. उत्तर कलकत्त्यातल्या बलराम घोष स्ट्रीटवर भूपेंद्रनाथ बसू यांच्या घरी बैठक झाली आणि तेच पहिले अध्यक्ष झाले. बसू, मित्र आणि सेन ही त्या भागातली प्रतिष्ठित घराणी त्यामागे होती. नाव आलं ते फरियापुकुरच्या मोहन बागान व्हिलावरून. कीर्ती मित्र यांच्या या संगमरवरी वाड्याच्या आवारात पोरं आधी खेळायची. म्हणजे सुरुवातीला हा आपल्या वस्तीतल्या विद्यार्थ्यांना खेळ, शिस्त आणि चांगली सोबत मिळावी म्हणून काढलेला तरुणांचा क्लब होता. नियमही तसेच. विडी-सिगारेट आणि दारू वर्ज्य, आणि विद्यार्थी असेल त्याने अभ्यासात मागे पडायचं नाही. क्रांतीची गुप्त शाखा वगैरे काही नव्हतं. भूपेंद्रनाथ पुढे 1914 साली काँग्रेसच्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष झाले खरे, पण त्यांचं राजकारण मवाळ, अर्ज-विनंत्यांचं आणि सनदशीर होतं. क्लबला राष्ट्रीय अर्थ मिळाला तो नंतर, 1905 च्या वंगभंगाने बंगाल पेटल्यावर. तो अर्थ लोकांनी दिला, आणि तो खोटा नव्हता. पण स्थापनेच्या दिवशीच तो होता असं म्हणणं म्हणजे उत्तरार्ध उचलून पूर्वार्धाला चिकटवणं.

गरिबी आणि बूट हा दुसरा मुद्दा. इथे मजकूर सगळ्यात जास्त घसरतो. एक तर अकराही जण अनवाणी नव्हते. डावा बॅक सुधीर चॅटर्जी बूट घालून खेळला. तो ख्रिस्ती होता आणि मिशनरी कॉलेजात शिकवायचा. बाकी दहा जण अनवाणी होते, पण कारण रिकामा खिसा नव्हे. क्लब ज्या घराण्यांचा होता त्यांना अकरा जोड बूट जड नव्हते. बंगालमधली पोरं लहानपणापासून उघड्या पायांनी खेळत आली होती. चेंडू तळव्याला आणि अंगठ्याला कळायचा, वळणं चपळ व्हायची, छोटे छोटे पास पायातून सुटायचे. जाड चामड्याच्या बुटात तो अंदाज हरवायचा. याची किंमतही त्यांनी मोजली. कलकत्त्याचा फुटबॉल हंगाम म्हणजे ऐन पावसाळा. मैदान चिखलाने भरलं की अनवाणी पाय घसरायचे आणि समोरच्याच्या बुटाखाली सापडायचे. तरीही ते तसे खेळले, कारण त्यांचं कौशल्य त्या पायांत होतं. याला लाचारी म्हणून दाखवलं की कौशल्याचं श्रेय कमी होतं, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

‘पहिलीच वेळ’ हा दावा तर सरळ चुकीचा आहे. 1892 साली, म्हणजे एकोणीस वर्षं आधी, शोभाबाजार या भारतीय क्लबने ट्रेड्स कप या स्पर्धेत ईस्ट सरे रेजिमेंटला 2-1 असं हरवलं होतं. त्या क्लबमागे नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी होते. बंगाली पोरांना फुटबॉलची गोडी लावणाऱ्यांत त्यांचं नाव सर्वात आधी घेतलं जातं. 1900 साली नॅशनल असोसिएशन या भारतीय संघाने ट्रेड्स कपच जिंकला. आणि खुद्द मोहन बागानही 1911 साली आभाळातून पडला नाही. 1904 साली कूचबिहार कप ही त्यांची पहिली ट्रॉफी. 1905 साली चिनसुऱ्याला ग्लॅडस्टन कपच्या अंतिम सामन्यात त्यांनी डलहौसी क्लबला 6-1 असं लोळवलं, आणि डलहौसी हा त्या वर्षीचा आयएफए शील्ड विजेता होता. त्यानंतर 1906, 1907 आणि 1908 अशी सलग तीन वर्षं ट्रेड्स कप. या सगळ्यामागे 1900 साली सचिव झालेल्या सैन्यातल्या शैलेन बसूंची कडक तालीम होती. दमसास वाढवण्यासाठी ते खेळाडूंकडून पलटणीसारखा व्यायाम करून घ्यायचे. 1911 साली शील्ड जिंकणारा हा पहिला भारतीय संघ, एवढंच म्हटलं तर ते शंभर टक्के खरं आहे. 1893 पासून ती ढाल पलटणींकडे आणि गोऱ्या क्लबांकडेच जात होती. ‘शील्ड पहिल्यांदा’ आणि ‘हरवलं पहिल्यांदा’ यांतला फरक पुसला की शोभाबाजारही पुसला जातो.

खरा सामना मात्र फॉरवर्डमधल्यापेक्षा रंगतदार होता. मोहन बागानने आधी सेंट झेव्हियर्स, कलकत्ता रेंजर्स आणि रायफल ब्रिगेडला बाहेर काढलं. उपांत्य फेरीत मिडलसेक्स रेजिमेंटशी 1-1 बरोबरी झाली आणि फेरसामना 3-0 ने खिशात घातला. अंतिम सामना ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटशी. मैदानावर साठ हजारांच्या वर गर्दी झाल्याचं सांगतात. जादा रेल्वेगाड्या आणि स्टीमर सोडले होते. मागे उभ्या असलेल्यांना मैदान दिसत नव्हतं, म्हणून स्कोअर पतंगावर लिहून आकाशात चढवला जात होता. तेव्हाचे हाफ आजच्यापेक्षा छोटे होते, चूक सुधारायला वेळ नसायचा. दुसऱ्या हाफमध्ये सार्जंट जॅक्सनने फ्री किकवर पलटणीला पुढे नेलं. मग कर्णधार शिबदास भादुरीने डावीकडून मुसंडी मारत बरोबरी साधली आणि शेवटच्या मिनिटांत त्याच्याच पासवर अभिलाष घोषने दुसरा गोल केला. 2-1. उत्तर कलकत्त्याच्या गल्ल्यांत हिंदू-मुसलमान दोघांनीही तो विजय साजरा केला, मुस्लिम वृत्तपत्रांनीही कौतुक केलं. फॉरवर्डमधून नेमकं हेच गाळलेलं असतं.

आता राजधानी. तारखा जवळजवळ आहेत, त्यामुळे हा दावा पटकन पटतो. 29 जुलैला विजय, 12 डिसेंबरला दिल्ली दरबारात पंचम जॉर्जची घोषणा. पण व्हाइसरॉय हार्डिंगच्या कार्यकारी मंडळातले जॉन जेन्किन्स यांनी राजधानी दिल्लीला नेण्याची आणि वंगभंग रद्द करण्याची सूचना जून 1911 मध्येच मांडली होती, म्हणजे अंतिम सामन्याच्या महिनाभर आधी. हार्डिंगचा लंडनला पाठवलेला खलिता 25 ऑगस्टचा आहे, आणि तो नेमका सामन्यानंतरचा असल्यामुळेच लोक फसतात. त्यातली कारणं आहेत वंगभंगाने चिघळलेलं राजकारण, प्रांतांना द्यायचे अधिकार, केंद्र सरकार एका प्रांताच्या राजधानीत असण्याची अडचण आणि दिल्लीचं मध्यवर्ती स्थान. फुटबॉलने साम्राज्याची राजधानी हलली असं म्हणायला मलाही आवडलं असतं. पण ती हलवली वंगभंगाविरुद्ध सहा वर्षं रस्त्यावर उतरलेल्या लोकांच्या दबावाने, आणि त्यांचं श्रेय एका सामन्याला देणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

उरली भविष्यवाणी. मोहन बागान दुसऱ्यांदा शील्ड जिंकला तो 1947 सालीच, हे खरं. पण अंतिम सामन्यात समोर इंग्रज नव्हते, ईस्ट बंगाल होता. आणि मधल्या काळात शील्ड भारतीयांना दुर्मीळ राहिली नव्हती. 1936 साली मोहमेडन स्पोर्टिंगने ती जिंकली, 1940 साली एरियन्सने मोहन बागानलाच हरवून जिंकली, ईस्ट बंगालने 1943 आणि 1945 साली. मोहमेडनने तर 1934 ते 1938 अशी सलग पाच वर्षं कलकत्ता लीग खिशात घातली. हे सगळं वगळून 1911 वरून थेट 1947 वर उडी मारायची, तरच ती भविष्यवाणी उभी राहते.

आणखी एक गोष्ट, जी मजकुरात कधीच नसते. शील्ड जिंकणाऱ्या या क्लबला कलकत्ता लीगमध्ये लगेच जागा मिळाली नाही. 1914 साली दुसऱ्या विभागात आणि 1915 साली पहिल्या विभागात प्रवेश मिळाला, तोही पहिल्या विभागात भारतीय क्लबांची संख्या दोनपुरती मर्यादित ठेवून. लीग जिंकायला 1939 उजाडावं लागलं. विजयाने डोळे दिपले, दरवाजे लगेच उघडले नाहीत. शील्डपासून लीगपर्यंत पोहोचायला पुढची अठ्ठावीस वर्षं लागली, आणि ती अठ्ठावीस वर्षंही या क्लबच्याच इतिहासाची आहेत.

मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर त्यात निदान नावं तरी घाला, ती कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसतात. गोलकीपर हिरालाल मुखर्जी. बॅक भूती सुकुल आणि सुधीर चॅटर्जी. हाफ मनमोहन मुखर्जी, राजेन सेनगुप्ता, नीलमाधव भट्टाचार्य. फॉरवर्ड कानू रॉय, हाबुल सरकार, अभिलाष घोष आणि फरिदपूरचे दोघे भाऊ, बिजयदास आणि शिबदास भादुरी.