पंख्याचा कपॅसिटर आणि ट्वीटर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

जुन्या स्पीकरच्या क्रॉसओव्हरवरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर शब्द जड गेले असते, म्हणून दोन दिवस थांबलो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी सार देतो. क्रॉसओव्हर म्हणजे खालचे सूर वूफरकडे (मोठ्या स्पीकरकडे) आणि वरचे सूर ट्वीटरकडे (छोट्या स्पीकरकडे) पाठवणारा पेटीतला बोर्ड. त्यातला ट्वीटरचा बिघडलेला कपॅसिटर काढून छताच्या पंख्याचा नवा कपॅसिटर बसवा, असं मी लेखात सांगितलं होतं. तुमचे मुद्दे चार. ट्वीटरला पंख्याचा कपॅसिटर लावायला सांगणं म्हणजे "जुन्या स्पीकरचा खून". कपॅसिटर बदलला की कंपनीने दिलेला मूळ आवाज जातो. लेखात मोजमापाचा एकही आलेख नाही. आणि ट्वीटरची लाल वायर प्लसलाच जोडा, हे चूक आहे. शेवटी एक वाक्य: "तपकीर गल्लीतून चार पार्ट आणले म्हणून कोणी ऑडिओ इंजिनियर होत नाही." (तपकीर गल्ली म्हणजे पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सच्या पार्टचा बाजार.)

चौथ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. वूफर आणि ट्वीटर दोघांनाही १२ डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा उतार (दर सप्तकाला १२ डेसिबल घट) दिला असेल, म्हणजे ट्वीटरच्या वाटेवर कपॅसिटर आणि त्यानंतर समांतर कॉइल असेल, तर क्रॉसओव्हरच्या जागी, म्हणजे दोघांच्या सुरांचा सांधा पडतो तिथे, दोघांमध्ये १८० अंशांचं अंतर पडतं: एकाचा पडदा पुढे जातो तेव्हा दुसऱ्याचा मागे. म्हणून असे ट्वीटर पुष्कळदा मुद्दाम उलटे जोडलेले असतात. तो "सुलटा" केला की नेमका तेवढा पट्टा खचतो आणि गाणारा दोन पावलं मागे गेल्यासारखा वाटतो. ते वाक्य मी काढलं आहे. आता तिथे "वायर सोडवण्याआधी फोटो काढा आणि होती तशीच जोडा" असं आहे. छोटी चूक होती, दाखवलीत, आभार.

आता "खून" या शब्दाबद्दल. मतभेद सांगायला हा शब्द लागत नाही. इथे वाचायला येणारे बरेच जण माळ्यावरून वडिलांचे स्पीकर खाली काढून आलेले असतात. कापड फाटलेलं, ट्वीटर मंद, आणि हात लावायची भीती. अशा माणसाने तुमचं वाक्य वाचलं की तो स्क्रूड्रायव्हर खाली ठेवतो आणि पेटी भंगारवाल्याला देतो. रविवारी जुन्या बाजारात एक चक्कर मारा. "ट्वीटर गेला" म्हणून टाकलेल्या पेट्या दिसतील. ट्वीटरच्या दोन टोकांना मल्टीमीटर लावा, साडेपाच-सहा ओहम आले तर त्याची कॉइल जिवंत आहे. बहुतेकदा मेलेला असतो तो त्याच्या आधीचा कपॅसिटर. पेटी वाया जाते ती तिथे, पंख्याच्या कपॅसिटरमुळे नाही. गेली बावीस वर्षं हे काम करतो आहे, पार्ट तपकीर गल्लीतूनच आणतो, आणि त्यात कमीपणा वाटावा असं काही मला दिसत नाही.

"पंखा" हा शब्द वाचून तुम्ही निकाल देऊन टाकलात, म्हणून ती वस्तू काय आहे ते सविस्तर सांगतो. छताच्या पंख्याचा कपॅसिटर साधारण २.५, ३.१५ किंवा ४ मायक्रोफॅरडचा मिळतो, वर ४४० व्होल्ट एसी आणि सहनमर्यादा ±५ टक्के छापलेली असते. आत धातूचा अतिपातळ थर दिलेली पॉलिप्रॉपिलीनची फिल्म गुंडाळलेली असते. त्याला प्लस-मायनस नाही, आणि तो बनवलेलाच आहे एसी प्रवाह सतत वाहून नेण्यासाठी. ऑडिओसाठी म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या फिल्म कपॅसिटरपैकी बहुतेकांतही हेच पॉलिप्रॉपिलीन असतं. ट्वीटरला पार्टच्या डब्यावर काय छापलंय ते कळत नाही. त्याला मायक्रोफॅरड कळतात आणि आतला रोध कळतो.

यावर लोक विचारतात, आणि तुम्हीही सुचवलंत, की पंख्याचे कपॅसिटर बिघडतात, पंखा हळू होतो. होतो. पण का, ते पाहा. घरच्या विजेच्या दाबावर फिल्ममधल्या कमकुवत जागी बारीक ठिणगी पडते, तिच्याभोवतीचा धातूचा थर उडून जातो आणि दोष तिथल्या तिथे मिटतो. मात्र दर वेळी थोडं क्षेत्रफळ जातं, आणि वर्षानुवर्षं असं चाललं की ३.१५ चा २ वर येतो. स्पीकरमध्ये हा ताण आहे कुठे? ८ ओहमवर ५० वॅट म्हणजे अवघे २० व्होल्ट. ४४० व्होल्टच्या फिल्मला २० व्होल्टने ठिणगी पडत नाही. म्हणून लेखात स्पष्ट लिहिलं होतं: पंख्यातून काढलेला जुना वापरू नका, नवा घ्या. दुसरी शंका त्याच्या लांब वायरींच्या इंडक्टन्सची, म्हणजे वायरच कॉइलसारखी वरच्या सुरांना अडवेल याची. धरा अगदी १ मायक्रोहेन्री. २० किलोहर्ट्झला त्याचा अडथळा ०.१३ ओहमच्याही आत राहतो. हा फरक कानाला कळणार नाही.

घेताना मात्र पारखून घ्यावा लागतो. प्लॅस्टिकच्या डब्यातला घ्या, अॅल्युमिनियमच्या डब्यातला नको. हवेच्या गाभ्याच्या कॉइलशेजारी धातूचा डबा आला तर कॉइलची व्हॅल्यू सरकते. दोन स्पीकरसाठी चार-पाच नग आणा, एलसीआर मीटरवर (कपॅसिटरची व्हॅल्यू दाखवणाऱ्या मीटरवर) मोजा आणि एकमेकांच्या १ टक्क्यात असलेली जोडी निवडा. डाव्या-उजव्याची व्हॅल्यू जुळणं हे महागड्या नावापेक्षा जास्त ऐकू येतं. ४ मायक्रोफॅरड हवे असतील तर एकच पुरतो. ५ साठी २.५ चे दोन समांतर. ४.७ साठी ३.१५ ला १.५ चा साधा फिल्म कपॅसिटर समांतर जोडा, ४.६५ होतात आणि चूक १ टक्का. ६.८ साठी ४, २.५ आणि ०.३३. हा वजनदार पार्ट नुसत्या पायांवर लटकत ठेवला तर ढोलकीच्या प्रत्येक थापेला खडखडेल, म्हणून बोर्डाला दोन भोकं पाडून झिप टायने आवळा आणि खाली सिलिकॉनचा ठिपका द्या.

हा उपाय कुठे लावायचा नाही, तेही त्याच लेखात होतं. बीबीसीने रचना केलेल्या एलएस३/५ए या स्पीकरमध्ये ट्वीटरची पातळी अनेक टॅप (मधून काढलेली टोकं) असलेल्या कॉइलने बसवलेली असते. तसल्या काटेकोर बोर्डाला मोजमापाशिवाय कोणी हात लावू नये. वूफरच्या बाजूला ३०-४० मायक्रोफॅरड असतील तर तिथे नवा नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच बरा. एवढं लिहिलेलं असताना "सगळ्या स्पीकरना पंख्याचा कपॅसिटर" हे माझ्या तोंडी घालणं मला रास्त वाटत नाही. शेरा मारण्याआधी लेख शेवटपर्यंत वाचायला हवा होता.

मूळ आवाजाच्या मुद्द्यावर थोडक्यात. समोर एक बोर्ड आहे, जुन्या बुकशेल्फ स्पीकरचा. हार्डबोर्डच्या तुकड्यावर बोटाच्या पेराएवढा निळा दंडगोल, त्यावर ४.७ आणि एनपी, म्हणजे नॉन-पोलर. टोकाचं रबर फुगलंय, खालचा गोंद तपकिरी पडून नखाने पोपडे निघतायत, एका पायावर हिरवट बुरशीसारखा थर. एक पाय सोडवून मोजला तर ६.१ मायक्रोफॅरड, आणि १० किलोहर्ट्झला आतला रोध, म्हणजे ईएसआर, १.४ ओहम. पाय सोडवणं आवश्यक, नाहीतर मीटर वूफरमधून वळसा घालून भलताच आकडा दाखवतो.

आता ८ ओहमच्या ट्वीटरचा हिशेब. ४.७ ला क्रॉसओव्हर ४२३३ हर्ट्झला बसतो, ६.१ ला तो ३२६१ ला घसरतो. म्हणजे ज्या खालच्या सुरांपासून ट्वीटरला वाचवायचं होतं तेच त्याच्याकडे जातात. वरून १.४ ओहममुळे पातळी १.४ डेसिबलने खाली. आवाज एकाच वेळी मंद आणि कर्कश होतो तो असा, आणि ऐकणारा वैतागून ट्रेबल वाढवतो आणि ट्वीटर जाळतो. कंपनीच्या इंजिनियरने ६.१ काढला नव्हता, ४.७ काढला होता. तुम्ही ज्याला मूळ आवाज म्हणता तो या अवस्थेत पेटीत शिल्लकच नाही.

तुमच्या म्हणण्यात खरं एवढंच, की इलेक्ट्रोलिटिक नवा असतानाही त्याला थोडा ईएसआर होता आणि ट्वीटरची पातळी तो धरूनच ठरवलेली असणार. फिल्म कपॅसिटरचा रोध ओहमच्या काही शतांशांत असतो. नुसता बदलला तर ट्वीटर अर्धा-एक डेसिबल वर येतो आणि "स" टोचायला लागतो. त्याचा उपायही लेखात आहे, पुन्हा लिहितो. त्याच व्हॅल्यूचा नवा नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक फक्त मोजण्यासाठी आणा. १० किलोहर्ट्झला त्याचा ईएसआर जेवढा येईल तेवढा वायरवाउंड रेझिस्टर फिल्म कपॅसिटरच्या सिरीजमध्ये घाला. ०.४ आला तर ०.४७ ओहम, ५ वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर चालतो, पातळी अर्धा डेसिबल खाली येते. झाला मूळ हिशेब जागेवर.

त्यानंतरही ट्वीटर टोचत असेल तर सिरीजमधला रेझिस्टर वाढवत नेऊ नका. ही चूक मी पुण्यातल्या जाणत्या हातांकडूनही झालेली पाहिली आहे. २.२ ओहम सिरीजमध्ये घातला की कपॅसिटरला समोर ८ ऐवजी १०.२ ओहम दिसतात आणि ४.७ चा क्रॉसओव्हर ३३२० हर्ट्झवर उतरतो. पातळी कमी झाली खरी, पण ट्वीटरवर खालच्या सुरांचा भार वाढला. कपॅसिटरनंतर २.२ ओहम, १० वॅट सिरीजमध्ये आणि ट्वीटरला समांतर १८ ओहम, १० वॅट अशी जोडी लावा. पातळी २.९ डेसिबल खाली येते आणि कपॅसिटरला ७.७ ओहम दिसतात, म्हणजे क्रॉसओव्हर ४३७६ ला, जवळजवळ होता तिथेच. समांतर कॉइल असलेल्या बोर्डात ही जोडी कॉइलच्या पुढे, ट्वीटरच्या लगत यायला हवी.

आलेखाबद्दल: भिंत आणि पलंगाच्या मध्ये माइक ठेवून काढलेला आलेख मी छापणार नाही. परदेशी ऑडिओ-ग्रेड कपॅसिटर मागवायचा सल्ला तुम्ही दिलात, ज्याला परवडतो त्याने मागवावा. या दोन्हींवर मला आणखी वाद घालायचा नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत एक गोष्ट नव्हती, आणि आक्षेप घ्यायचाच होता तर तिथे घ्यायला हवा होता. माझ्या लेखात ती मागे पडली होती, आता वर घेतली आहे. मंद ट्वीटरचं कारण प्रत्येक वेळी कपॅसिटर नसतं. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच्या कित्येक ट्वीटरमध्ये कॉइलच्या फटीत फेरोफ्लुइड (चुंबकीय कण असलेलं तेल) असतं. ते वाळून डिंकासारखं झालं की कॉइल रुतते. ओहम बरोबर दाखवते पण हलत नाही, आणि मग कितीही कपॅसिटर बदला. तसंच मागच्या बाजूला पातळीची फिरकी असेल तर आतल्या तारेवर गंज चढतो. १९६७ च्या एआर-३ए या स्पीकरसारख्या पेट्यांत हे सर्वांना माहीत असलेलं दुखणं आहे. फिरकी टोकापासून टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवा. मध्येच आवाज येऊन जात असेल तर दोष तिथे आहे. खात्री करायची तर अॅम्प्लिफायर बंद करून चांगला ४.७ चा कपॅसिटर सिरीजमध्ये ठेवून ट्वीटर बोर्ड वगळून थेट अॅम्प्लिफायरला जोडा, मग तो चालू करून आवाज अगदी कमी ठेवून ऐका. खणखणीत वाजला तर दोष बोर्डात, मंदच राहिला तर ट्वीटरमध्ये. कपॅसिटरशिवाय थेट जोडाल तर ट्वीटर जळू शकतो.

काम झाल्यावर एकच स्पीकर बदललेला ठेवा आणि दुसरा होता तसा. दोन्ही शेजारी ठेवून मोनोमध्ये एकच गाणं दोन-तीन दिवस ऐका. झांजेचा नाद कुठे लवकर तुटतो, "श" कुठे फुटतो, ते आपसूक कळतं. मगच दुसरा उघडा. पेटी बंद करताना वूफरच्या कडेची पट्टी तुटली असेल तर नवी फोमची लावा. सीलबंद पेटीत तिथून हवा गळली तर खर्ज पातळ होतो आणि दोष उगाच नव्या कपॅसिटरवर येतो.

आणि काढलेला जुना कपॅसिटर फेकू नका. त्यावर व्हॅल्यू आणि तारीख लिहून छोट्या पिशवीत घाला आणि पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवा. पाच वर्षांनी तुमच्यासारख्या कोणाला मूळ पार्ट परत बसवायचा असेल, तर तो तिथेच मिळेल.