रूळ काढले, पण पट्टा राखला: अंजनगावच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. दोन ओळींत आभार मानून सोडून द्यावी अशी ती नाही, म्हणून सविस्तर लिहितो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिएटलजवळच्या आमच्या कर्कलंड गावाने बंद पडलेल्या रेल्वेची जमीन विकत घेऊन तिथे चालण्या-सायकलीचा ट्रेल केला, त्याचं मी गेल्या लेखात कौतुक केलं होतं. तुमचं म्हणणं असं: रूळ उखडले म्हणजे रेल्वे कायमची मारली, पन्नास लाख डॉलर सुखवस्तू लोकांच्या सकाळच्या फेरीवर घातले, ज्यांच्या जमिनीतून ती रेल्वे गेली होती त्यांचा लेखात उल्लेखसुद्धा नाही. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, "आमची शकुंतला बंद पडली आहे. तुमचं वाचून उद्या कुणी आमचेही रूळ काढून जॉगिंग ट्रॅक केला तर?"

शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो. बाकीचं सगळं त्याच्यापोटी आलंय, हे कळतं.

शकुंतला परत सुरू व्हायला हवी. यात माझं तुमच्याशी तसूभरही दुमत नाही. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला, मिळून १९० किलोमीटरच्या आसपास अडीच फुटी लाइन. वऱ्हाडचा कापूस बाहेर काढायला किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने ती बांधली आणि पुढे तीच गोरगरिबांची गाडी झाली, कारण तिचं तिकीट एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त होतं. अंजनगावहून मूर्तिजापूरला येऊन मुंबईची मोठी गाडी पकडायची, हे तुम्ही लिहिलंत ते वाचताना डोळ्यांसमोर उभं राहिलं. तिथे गाडीत बसणारी माणसं आजही आहेत. अशा ठिकाणी पायवाट करा असं मी कधीच म्हणणार नाही.

कर्कलंडची गोष्ट वेगळी आहे. ही लाइन नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेने १९०४ साली टाकली. पुढे ती बीएनएसएफ या रेल्वे कंपनीकडे आली. इथल्या गिरण्या आणि गोदामं एकेक करून उठून गेली, तशी मालगाडीही आटली. १९९२ पासून २००७ पर्यंत एक जेवणाची सहलगाडी या मार्गावरून जायची. रोजच्या प्रवासाची गाडी कुठलीच नव्हती. मी इथे आलो तेव्हा रूळ होते, पण स्लीपरांमधून ब्लॅकबेरीची काटेरी जाळी कंबरेपर्यंत वाढली होती आणि रुळांचा माथा गंजून लाल झाला होता. कंपनीला ही लाइन नको होती. सिएटलच्या बंदर प्राधिकरणाने २००९ मध्ये सगळा ४२ मैलांचा पट्टा ८ कोटी १० लाख डॉलरना घेतला, आणि २०१२ मध्ये आमच्या नगरपालिकेने त्यातला आपल्या हद्दीतला पावणेसहा मैलांचा तुकडा ५० लाखांना घेतला. रूळ २०१३ मध्ये काढले. ते काढू नयेत म्हणून एक छोटी मालवाहू कंपनी कोर्टात गेली होती, पण तिला मनाई हुकूम मिळाला नाही. जानेवारी २०१५ मध्ये बारीक खडीचा रस्ता तयार होऊन लोकांना खुला झाला.

आता मुद्द्याचं. माझ्या दृष्टीने गावाने ट्रेल विकत घेतलेला नाही. गावाने सलग जमीन विकत घेतली. बहुतेक ठिकाणी शंभर फूट रुंद, लांबी सव्वानऊ किलोमीटर. हिशेब केला तर सत्तर एकरांच्या आसपास. आणि तीही भर वस्तीतून, मध्ये एकही घर, दुकान किंवा कुंपण न येता. हीच जमीन आज तुकड्या-तुकड्याने गोळा करायची म्हटली तर पन्नास लाखांत गावातली पाच घरंसुद्धा धड मिळणार नाहीत.

आणि ती हातून जायला फार वेळ लागत नाही. इथल्या रेल्वे कंपन्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जमिनी घेतल्या, त्यातल्या काही सरळ खरेदीखताने. बऱ्याच ठिकाणी मात्र फक्त वहिवाटीचा हक्क घेतला होता: जमीन शेतकऱ्याची, तिच्यावरून गाडी नेण्याचा अधिकार कंपनीचा. रेल्वेने लाइन कायमची सोडली असं कागदावर झालं, की हा हक्क संपतो. मग कुठे शेजाऱ्याची बाग रुळांच्या जागेवर सरकते, कुठे गॅरेज येतं, कुठे नुसती तार पडते. मध्ये दोनशे फुटांचा जरी तुकडा गेला, तरी पुढची-मागची मैलोन् मैल जमीन गाडीच्या उपयोगाची राहत नाही. १९१६ च्या सुमारास या देशात चार लाख किलोमीटरच्या वर रेल्वेमार्ग होता, त्यातला फार मोठा भाग असाच विरून गेला.

हे थांबवायला १९८३ मध्ये इथल्या संसदेने कायद्यात एक कलम घातलं. एखादी नगरपालिका किंवा संस्था त्या पट्ट्याची देखभाल, कर आणि जबाबदारी घ्यायला तयार असेल आणि पुढेमागे गाडी परत आणायला मोकळीक ठेवत असेल, तर ती लाइन 'सोडून दिलेली' धरायची नाही. याला इथे रेलबँकिंग म्हणतात. आमचा पट्टाही या कलमाखालीच राखलेला आहे. तेव्हा काका, रूळ गेले हे खरं. पण ती जागा कायद्याने अजून रेल्वेसाठी राखलेली आहे, आणि ट्रेल हा तिचा राखणदार आहे.

जमीनमालकांबद्दल मात्र तुम्ही माझी चूक बरोबर पकडलीत. ती बाजू लेखात यायलाच हवी होती. ज्यांच्या खापरपणजोबांनी फक्त गाडीला वाट दिली होती, त्यांना कुणी सांगितलं की आता इथून सायकली जातील, तर त्यांनी भांडू नये का? भांडले ते. इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये व्हरमाँट राज्यातल्या एका खटल्यात हा कायदा वैध ठरवला, पण मालकाचा हक्क हिरावला गेला असेल तर तो भरपाई मागू शकतो असंही म्हटलं. आमच्या या पट्ट्यालगतचे मालकही केंद्र सरकारविरुद्ध गेले आणि त्यांच्या दाव्यांची तडजोड दहा कोटी डॉलरच्या वर गेली. म्हणजे पट्टा राखण्याची खरी किंमत गावाने मोजलेल्या पैशांहून कितीतरी मोठी आहे, आणि ती देशाच्या तिजोरीतून गेली. मला ती योग्य वाटते. पण तो आकडा न सांगता कौतुक करणं योग्य नव्हतं. मूळ लेखात आज ती भर घातली आहे.

'सुखवस्तू लोकांची फेरी' हे मात्र मला मान्य नाही, आणि त्याचं कारण घरातलंच आहे. माझी आई मिरजेची. सहा महिन्यांसाठी इथे यायची, तेव्हा तिचे चार महिने खिडकीशी जायचे. गाडी चालवता येत नाही, फुटपाथ मध्येच संपतो, आणि आमचं गाव सगळं चढ-उताराचं. तिचे गुडघे ऐकत नाहीत. ट्रेल सुरू झाल्यावर एका संध्याकाळी ती साडीवर माझ्या मुलीचे बूट घालून निघाली आणि तासाभराने परत आली. दारातच म्हणाली, "अरे, कुठे चढच लागला नाही की!" मी तिला कारण सांगितलं: आगगाडीला चढ झेपत नाही, म्हणून बांधणाऱ्यांनी टेकडीला वळसे घेत, कुठे माती कापून, कुठे भराव घालून, शंभर फुटांमागे एखाद-दोन फुटांवर चढ जाऊ दिलेला नसतो. ती रेल्वेच्या गावची, तिला लगेच पटलं. पुढच्या आठवड्यात ती एकटी दक्षिण टोकाच्या बसस्टँडपर्यंत जाऊन आली. रोज तिथे व्हीलचेअरवरचे आजोबा दिसतात, दप्तर घेतलेली पोरं दिसतात, बस पकडायला चालत निघालेली हॉटेलातली कामगार माणसं दिसतात. गाडी नसलेल्या माणसाला या देशात रस्ता नसतो, काका. हा एक आहे.

तुमची एक भीती तरीही उरते आणि ती खरी आहे: एकदा लोक चालायला लागले की गाडी परत येऊ देतील का? हे मी स्वतः पाहिलंय. सिएटल भागाच्या मोठ्या वाहतूक योजनेवर २०१६ मध्ये मतदान होणार होतं. त्याआधी नगरपालिकेने सुचवलं की या शंभर फुटांत ट्रेल राहू द्या आणि शेजारून जलद बसही न्या. त्यावर गावात वादळ उठलं. 'ट्रेल वाचवा'च्या पाट्या अंगणाअंगणात लागल्या. सभेत मला तीन मिनिटं मिळाली, मी बसच्या बाजूने बोललो. सांगितलं की ही जमीन आपण राखायला घेतली आहे, अडवायला नव्हे. टाळ्या फार थोड्या पडल्या. मंजूर झालेल्या योजनेत आमच्या गावच्या दक्षिण टोकाला हलक्या रेल्वेचं एक स्टेशन आलं, पण पट्ट्यावरून बस आलीच नाही. देशभरात रेलबँकिंगच्या जमिनीवर रूळ परत आल्याची उदाहरणंही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. हे लपवून मला वाद जिंकायचा नाही.

पण दुसरी बाजू बघा. पुण्याचा एचसीएमटीआर, म्हणजे शहरातला नियोजित वर्तुळाकार वाहतूक मार्ग, १९८७ च्या विकास आराखड्यात नकाशावर आखला, ३६ किलोमीटरचं वर्तुळ. जागा हातात घेतली नाही. त्यानंतर दोन पिढ्या त्या रेषेवर नुसता वाद घालताहेत. उलट बार्शी लाइट रेल्वेची मिरज-लातूर छोटी लाइन टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज होऊ शकली, कारण जमीन रेल्वेकडे होती. आमची बस २०१६ मध्ये हरली, पण २०४६ मध्ये कुणाला हवी झाली तर जागा तिथेच असेल. पुण्यात तेवढंही म्हणता येत नाही.

म्हणून शकुंतलेबद्दल मला जॉगिंग ट्रॅकपेक्षा वेगळीच काळजी वाटते. रूळ गंजतात, चोरीला जातात. ते पुन्हा टाकता येतात, आणि ब्रॉडगेज करायचं तर नवेच टाकावे लागतील. पट्टा गेला तर मात्र आंदोलन कशासाठी करायचं? तुम्ही लिहिलंत की अंजनगाव आणि पथ्रोटच्या मध्ये काही ठिकाणी लोकांनी रुळांपर्यंत नांगरलं आहे. काका, एक काम कराल का? तलाठ्याकडून त्या गटांचे सातबारे आणि भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणीचे नकाशे काढून पाहा. रेल्वेची हद्द त्यात अजून आखलेली आहे का, हद्दीचे दगड जागेवर आहेत का, कब्जेदार म्हणून कोणाचं नाव लागलंय? फोटो काढून मला पाठवा. पुढचा लेख त्यावरच लिहू, तुमच्या नावाने.